शिकारीचे वाटे घालण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परवाना घेऊन तुम्ही पहिलं हरीण मारलं. सोबत दोघे होते, जमीन तिसऱ्याची होती. घरी आणून मांसाचे वाटे घातले, शेजाऱ्यांना आणि नातलगांना दिले, आणि दोन घरांनी ‘वास मारतो’ म्हणून ते टाकून दिलं. पुढच्या हंगामात कुणाला काय आणि किती द्यावं असं तुम्ही विचारता, आणि जाता जाता हेही, की रानातल्या मांसाला तो वास असतोच का.

जाता जाता विचारलेला प्रश्नच महत्त्वाचा आहे, म्हणून तो आधी घेतो. वास असतोच असं नाही. मी तेवीस वर्षं शिकार करतोय आणि त्यातली चौदा वर्षं दुसऱ्यांनी मारलेली जनावरं तपासून, सोलून, कापून देण्याचं काम केलं आहे. ज्या मांसाला लोक ‘रानटी वास’ म्हणत माझ्याकडे घेऊन आले, त्यातला बहुतेक वास उशिरा उघडलेल्या पोटाचा, न काढलेल्या चरबीचा किंवा मळलेल्या सुरीचा होता. वाटे घरी घातले जातात, पण वाटा चांगला की वाईट हे गोळी सुटल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत ठरून गेलेलं असतं. म्हणून तुम्हाला वाटणीचं उत्तर देण्याआधी मला त्या दोन तासांबद्दल बोलावं लागेल.

त्याहीआधी एक गोष्ट. हे सगळं जिथे कायदा शिकारीला परवानगी देतो तिथलं, हंगामात, परवान्यावर, ठरलेल्या संख्येत मारलेल्या जनावराबद्दल आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, तेव्हा तिथल्या वाचकाने हे केवळ माहिती म्हणून वाचावं. चोरट्या शिकारीचं मांस वाटणं म्हणजे घेणाऱ्यालाही गुन्ह्यात ओढणं.

आता ते दोन तास. जिवंत हरणाच्या अंगाचं तापमान ३८–३९ अंश असतं. जनावर पडलं की रक्त फिरायचं थांबतं, म्हणजे उष्णता बाहेर न्यायला काही उरत नाही, आणि पोटातला अर्धवट पचलेला पाला मात्र आंबतच राहतो. जाड कातडी आणि दाट केस ती उष्णता धरून ठेवतात. जंतू ४ ते ६० अंशांच्या दरम्यान भराभर वाढतात. म्हणून फोटो काढायला, फोन करायला, पाणी प्यायला पाच मिनिटं घ्या आणि लगेच पोट उघडा. सुरीचं पातं वर ठेवून, आतड्याला टोक न लावता, कातडी आणि पोटाचा पडदा आतून बाहेर कापत जायचं. गुदद्वाराभोवती गोल कापून आतडं मोकळं करायचं, मूत्राशय न फोडता उचलायचं, छातीचा पडदा कापून अन्ननलिका आणि श्वासनळी गळ्याजवळ तोडायची, आणि सगळं एकत्र बाहेर ओढायचं. नंतर धड उताराकडे कलतं करून छातीत साचलेलं रक्त निथळू द्यायचं. गोळी हृदय-फुप्फुसांत लागली असेल तर गळा चिरायची गरज नाही. हृदय थांबल्यावर गळ्यातून फारसं रक्त येत नाही, ते छातीतच साठलेलं असतं.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण तुमच्या त्या दोन घरांमध्ये मला तीच दिसते. माझ्या चौथ्या की पाचव्या हंगामात संध्याकाळी मोठा नर मिळाला. पोट साफ केलं, पण कातडी सकाळी सोलू म्हणून ठेवली. रात्र थंड आहे असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात तापमान १२–१३ अंशांच्या खाली उतरलंच नाही. सकाळी मांस वरून छान लाल दिसत होतं. पुठ्ठ्याचा, म्हणजे मागच्या मांडीचा, एक अख्खा तुकडा, सगळ्यात मोठा आणि देखणा, मी एका वृद्ध शेजारणीला दिला. तिने तो हाडापर्यंत कापला तेव्हा मांडीच्या खुब्याजवळ मांस हिरवट, चिकट आणि आंबूस झालेलं होतं. खुब्याच्या सांध्याभोवती मांस सगळ्यात जाड असतं, त्यामुळे तिथली ऊब शेवटी जाते आणि नासणं तिथून, आतून बाहेर सुरू होतं. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. तिने मला बोलावून तो तुकडा दाखवला, एक शब्दही वावगा बोलली नाही. त्यानंतर बाहेर १० अंशांच्या वर असेल तर मी जनावर रात्रभर कातडीसकट ठेवलेलं नाही. सोलतो, गरज पडली तर चार फरे (पुढचे-मागचे पाय) सुटे करतो, खुब्याचा सांधा उघडतो आणि बर्फावर नेतो. बर्फ पिशव्यांत बांधलेला असावा. वितळलेल्या पाण्यात मांस पोहू द्यायचं नाही, ते फिकट आणि बुळबुळीत होतं. २४ तासांच्या आत हाडाजवळचं तापमान ४ अंशांवर आलं पाहिजे. त्यासाठी टोकदार थर्मामीटर लागतो, हात लावून अंदाज येत नाही.

वासाची दुसरी मोठी कारणं तशी साधी आहेत. माजावर आलेल्या नराच्या मागच्या पायांच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या सांध्याशी, केसांचे काळपट गुच्छ असतात. तिथे गंधग्रंथी असतात. त्यांना हात लावून त्याच हाताने मांस धरलं की संपलं. मी त्यांना हातच लावत नाही. सोलताना पाय त्याच्या खाली कापला की ग्रंथी कातडीबरोबर निघून जातात. हरणाची चरबीही गोठली की मेणासारखी टाळूला चिकटते आणि फ्रीजरमध्येसुद्धा खवट होत राहते. ती निर्दयपणे काढून टाका, आणि मांसावरचा रुपेरी पापुद्राही. केस मांसाला लागू देऊ नका. कातडी कापताना सुरी आतून बाहेर चालवली तर केस कापलेच जात नाहीत, ही युक्ती ज्याला कळली त्याचं अर्धं काम वाचलं.

आणि गोळी कधी झाडायची हेही चवीचंच अंग आहे. पळून पळून दमलेल्या, जखमी होऊन तासभर भटकलेल्या जनावराच्या स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपलेलं असतं. मेल्यानंतर त्याच ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि मांसाचा पीएच (जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५–५.८ पर्यंत खाली येतो. ते घडलं नाही तर पीएच ६च्या वर राहतो, मांस काळपट, कोरडं, घट्ट होतं आणि लवकर नासतं. म्हणून उभं, शांत, बाजू देऊन असलेलं जनावर, आणि खांद्यामागे छातीत गोळी. तशी संधी नसेल तर बंदूक खाली. जनावराला वेदना कमी होतात हे पहिलं कारण, आणि ते एकटंही पुरेसं आहे. पोटात गोळी लागून आतडी फुटली असतील तर जिथे जिथे घाण लागली तिथलं मांस धुऊन वाचवायचा प्रयत्न करू नका, कापून फेका. हरणांच्या आतड्यांत माणसाला गंभीर आजारी पाडणारे ई. कोलाय जंतू असू शकतात, आणि पाण्याने ते फक्त पसरतात.

मांस ताठरून पुन्हा सैल होण्याआधी ते फ्रीजरमध्ये टाकू नका. मेल्यानंतर काही तासांनी स्नायू आखडतात आणि साधारण दिवसभराने पुन्हा सैल होऊ लागतात. त्याआधीच ते फार थंड केले तर आखडतात ते कायमचे, आणि तुकडा कितीही शिजवा, चामड्यासारखा राहतो. ० ते ४ अंशांत तीन ते सात दिवस मुरू दिलं की फरक जिभेला कळतो. खिम्यासाठी मात्र हे थांबणं गरजेचं नाही.

आता एका विषयावर जरा रेंगाळतो, कारण वाटणाऱ्यांपैकी फार थोडे त्याचा विचार करतात: शिसं. शिशाची गोळी आत गेल्यावर फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून लांबवर उडतात. २००८मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात एका डॉक्टरांनी गरिबांसाठी दान म्हणून आलेल्या हरणाच्या खिम्याचं स्कॅनिंग केलं आणि त्यात धातूचे कण दिसले. राज्याच्या आरोग्य विभागाने अन्नपेढ्यांना ते मांस वाटू नका असं सांगितलं. त्याच वर्षी तिथे ७३८ जणांचं रक्त तपासलं गेलं आणि शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं थोडं, पण मोजता येईल इतकं जास्त निघालं. शेजारच्या मिनेसोटातल्या नैसर्गिक संसाधन खात्याने मेंढ्यांच्या धडांवर गोळ्या झाडून पाहिलं, तेव्हा काही कण जखमेपासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर सापडले. धुतल्याने ते आणखी पसरले.

मला यात सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की ते मांस दानाचं होतं. देणाऱ्याने चांगल्या मनानेच दिलं होतं, आणि घेणाऱ्याला निवड नव्हती. मी त्या वर्षीपासून तांब्याच्या गोळ्या वापरतो. त्या फुलतात, पण सहसा फुटत नाहीत. तुम्ही शिसं वापरत असाल तर जखमेभोवतीचं रक्ताळलेलं मांस आणि त्यापलीकडचा चांगला रुंद पट्टा टाकून द्या, तिथलं काहीही खिम्यात घालू नका, आणि गरोदर बाई किंवा लहान मूल असलेल्या घरात असा खिमा देऊच नका. मोठ्या माणसापेक्षा वाढत्या मेंदूला शिसं कितीतरी जास्त बाधतं.

रोगांबद्दल थोडक्यात. पोट उघडताना काळीज (यकृत), फुप्फुसं आणि लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) बघायची सवय लावा: पिवळट गाठी, पू, छातीच्या आतल्या बाजूला चिकटलेले दाणे दिसले तर मांस वाटायचं नाही, पशुवैद्याला दाखवायचं. हरणांतला ‘क्षीणता रोग’ (जनावराला झिजवून मारणारा मेंदूचा रोग, इंग्रजीत सीडब्ल्यूडी) १९६७मध्ये कोलोरॅडोत पाळलेल्या हरणांत पहिल्यांदा लक्षात आला आणि २०१६मध्ये नॉर्वेच्या रेनडिअरमध्येही आढळला. माणसाला तो झाल्याची खात्रीची नोंद आजवर नाही, पण त्याचं कारण असलेली प्रथिनं, प्रिऑन, शिजवून नष्ट होत नाहीत. तुमच्या भागात हा रोग असेल तर डोक्याचा नमुना तपासायला द्या आणि निकाल येईपर्यंत एकही वाटा घराबाहेर जाऊ देऊ नका. मेंदू आणि मज्जारज्जू कापायचेच नाहीत. रानडुक्कर आणि अस्वल यांत ट्रिकिनेला नावाचा कृमी असू शकतो. मांस आतपर्यंत ७१ अंशांवर गेलं की तो मरतो. धुरी देऊन किंवा वाळवून मरेल याची खात्री नाही, आणि उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतल्या अस्वलांतली त्याची जात गोठवूनही मरत नाही. ससे सोलताना हातमोजे घाला, ट्युलरेमिया हा सशांपासून माणसाला होणारा जंतूंचा आजार कातडीवरच्या ओरखड्यातूनही होतो.

आता तुम्ही विचारलेली वाटणी. किती मांस निघतं याची लोकांना फार चुकीची कल्पना असते, आणि रुसवेफुगवे तिथूनच सुरू होतात. ७० किलोचं हरीण आतडी काढल्यावर साधारण ५४ किलो भरतं. कातडी, डोकं, पाय, हाडं, चरबी आणि गोळीने खराब झालेलं वजा केलं की हातात २५–२७ किलो स्वच्छ मांस येतं, गोळी खांद्यात लागली असेल तर आणखी कमी. तेव्हा शिकारीला निघण्याआधी दहा जणांना ‘तुला मोठा वाटा’ असं सांगून ठेवू नका.

वाटणीचे नियम माणसाने खूप आधी आणि खूप विचार करून केलेले आहेत. टांझानियात एयासी सरोवराजवळ राहणाऱ्या हाड्झा लोकांबरोबर मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मोजणी केली, तेव्हा मोठं जनावर शंभर दिवसांच्या शिकारीत तीन-चारदाच मिळत होतं. तरबेज माणूससुद्धा बहुतेक दिवशी रिकाम्या हाताने परत येतो, आणि मिळतं तेव्हा ते एका घराला खपत नाही, टिकतही नाही. अशा वेळी मांस सगळ्या वस्तीत जातं, आणि उद्या दुसऱ्याच्या शिकारीतलं तुमच्या घरी येतं.

आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या कालाहारी वाळवंटातल्या जुहोआन्सी लोकांचा नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. तिथे ज्याचा बाण लागला तो मांसाचा धनी, बाण मारणारा नव्हे, आणि शिकारी एकमेकांचे बाण घेऊन फिरतात. म्हातारा माणूस किंवा एखादी बाईही बाणाची मालक असू शकते, आणि मग वाटण्याचा मान तिचा. मारणाऱ्याच्या हातात मांस आणि मोठेपणा दोन्ही साठू नयेत याची ही सोय. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांनी १९६०च्या दशकात तिथे राहून आणखी एक नोंदलं: कुणी मोठं जनावर मारलं की बाकीचे मुद्दाम त्याला नावं ठेवतात, हे काय हाडकुळं आणलंस म्हणतात, म्हणजे तरुण शिकाऱ्याच्या डोक्यात हवा जात नाही. कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या नेटसिलिक इनुइटांमध्ये सीलचा कुठला भाग कुणाचा हे आधीच, बऱ्याचदा लहानपणापासून ठरलेलं असे, आणि त्या भागाच्या नावाने ते जोडीदार एकमेकांना हाक मारत. इंडोनेशियातल्या लामालेरा गावात व्हेल कापला की भालाफेक्याबरोबर नाव बांधणाऱ्या सुताराचा आणि शीड विणणाऱ्याचाही वाटा निघतो, ते त्या दिवशी समुद्रावर नसले तरी.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: वाटणी शिकारीच्या आधी ठरलेली असते. मांस समोर आल्यावर ठरवायला बसलं की लाज, भीड, हाव सगळं मध्ये येतं. म्हणून तुमच्या दोन सोबत्यांशी गाडीतून उतरण्याआधी बोलून घ्या. माझी पद्धत अशी. जमिनीच्या मालकाचा वाटा पहिला, आणि तो चांगल्या मांसाचा: पाठीच्या कण्यालगतच्या दोन लांब पट्ट्यांपैकी एक अर्धी, वर पुठ्ठ्याचा एक तुकडा. उरलेल्याचे सोबत्यांत समान वाटे, गोळी कुणाची हे न बघता. माग काढणारा, ओझं वाहणारा आणि गोळी झाडणारा यांच्यात मी फरक करत नाही. जखमी जनावराचा माग अंधारात काढून देणाऱ्याला तर मी माझ्या वाट्यातलं काळीज देतो, कारण त्याच्याशिवाय कुणालाच काही मिळालं नसतं. वाटे घालणाऱ्याने आपला वाटा शेवटी उचलायचा. एवढ्या एका नियमाने ढीग आपोआप सारखे पडतात.

प्रत्येक वाट्यात सगळ्या प्रकारचं मांस असू द्या: थोडं पाठीचं, थोडं पुठ्ठ्याचं, दस्ताचं (पुढच्या पायाचं), मानेचं आणि खिमा. पाठ स्वतःला ठेवून नळ्या आणि मान शेजाऱ्याला देणाऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो वाटत नाही, आवरतो आहे. बाहेर देण्याचे वाटे मात्र लहान करा. घेणाऱ्याने हे मांस कधी शिजवलेलं नसेल तर अर्धा-पाऊण किलो पुष्कळ झालं. चार किलोचं गाठोडं बघून माणूस घाबरतो, ते फ्रीजरच्या तळाशी जातं आणि वर्षाने फेकलं जातं. देण्याआधी विचारा. काहींना शिकार पटत नाही, काहींना मांसच नको असतं, आणि दारात पुडकं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं.

आणि पुडक्यावर लिहा. कुठलं जनावर, नर की मादी, कधी मारलं, कधी गोठवलं, कुठला भाग, गोळी कुठल्या धातूची, तपासणी झाली असेल तर तिचा निकाल. मी त्यावर कसं शिजवायचं हेही दोन ओळींत लिहितो. पाठ आणि पुठ्ठ्याचा मऊ भाग कोरडा पुसून, तडतडत्या भांड्यात पटकन. आत ६३ अंश झाले की उतरवून तीन मिनिटं तसाच ठेवायचा, कारण यात चरबी नाही आणि दोन मिनिटं जास्त झाली की कोरडं पडतं. मान, दस्त आणि नळी मंद आचेवर तीन तास. खिमा ७१ अंशांपर्यंत, पक्षी ७४ पर्यंत. रानडुकराचा कुठलाही भाग असो, आतपर्यंत ७१. खिमा तीन-चार महिन्यांत संपवा, अख्खे तुकडे उणे १८ अंशांवर वर्षभर चांगले राहतात.

पैसे घेऊ नका, मोबदला म्हणूनसुद्धा नाही. उत्तर अमेरिकेत बहुतेक ठिकाणी रानातल्या शिकारीचं मांस विकायला बंदी आहे, आणि त्यामागे इतिहास आहे: एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी मारणाऱ्यांनी तिथली हरणं आणि पक्षी जवळजवळ संपवले होते, त्यानंतर १९००मध्ये लेसी कायदा आला. युरोपात काही देशांत विक्री चालते, पण ती तपासणी आणि नोंदणी करून. बाजारात जाणाऱ्या रानडुकराची तिथे ट्रिकिनेलासाठी चाचणी करावी लागते. अन्नपेढीला दान करायचं असेल तर परवानाधारक कापणाऱ्याकडूनच करा, घरी कापलेलं त्या सहसा घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

राहिली ती दोन घरं. त्यांना पुढच्या हंगामात पुडकं पाठवू नका. आधी जाऊन सांगा की मागच्या वेळचं मांस बिघडलेलं होतं आणि चूक तुमची होती, त्यांच्या स्वयंपाकाची नव्हे. कारण ती माणसं आजही मनात म्हणत असतील की आपल्यालाच शिजवता आलं नाही. मग या वेळचं नीट थंड केलेलं, मुरलेलं, चरबी काढलेलं पाठीचं मांस तुमच्या घरी शिजवा आणि त्यांना जेवायला बोलावा. माझ्या त्या शेजारणीच्या बाबतीत मी असंच केलं होतं. ती जेवली, निघताना काही बोलली नाही, आणि पुढच्या आठवड्यात तिचं मोकळं भांडं घेऊन दारात आली.